नव्या तेलातला खिळा

नेरूळ, ता. २१ जुलै १९९४

चि. अभिराम यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

फियाट इथे उभी करून तू मस्कतला गेलास आणि मागे सूचना काय, तर दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा! डिप्लोमात हेच शिकवतात? पाच मिनिटांत तेल धड कोमटही होत नाही. धुरातलं पाणी तेलातच राहतं आणि बेअरिंग खातं. मी सातवीत शाळा सोडली, पण तळोज्याच्या कारखान्यात इंजिनं मीच उघडतो.

जुनं काळं तेल काढून नवं भरलं. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे तेल सोडलं. दर एक तारखेला पुढून हँडल घालून अडीच फेरे देईन, म्हणजे निथळलेलं तेल परत चढेल. पुरावा हवा? गॅलरीत तीन खिळे टांगले होते. कोरा खिळा खाडीच्या वाऱ्याने नवव्या दिवशी गंजला, काळ्या तेलातला एकतिसाव्या. नव्या तेलातला अजून चकचकीत. तुझी मीनावहिनी म्हणते, लोक दारात लिंबू-मिरची टांगतात, आमच्याकडे खिळे.

सौ. गीतांजलीस आशीर्वाद. राग आला तरी पत्र घाल.

तुझा,
दादा

मस्कत, ता. ९ ऑगस्ट १९९४

ती. दादास सा. न. वि. वि.

खिळ्याची प्रकृती उत्तम असल्याचं वाचून आनंद झाला. पण खिळ्यात बसून बाजारात जाता येत नाही. वर्षभर उभी राहिली की गाडी संपली, असं इथले इंजिनिअर म्हणतात. तळवलीचा गोटीराम आत्ता घ्यायला तयार आहे. तू ती भंगारातून उभी केलीस, म्हणून थांबतो. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पूजेला लिंबांवरून गेली तर ठेवू, नाही तर विकू. कबूल?

वहिनींस नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
अभिराम

नेरूळ, ता. ४ ऑक्टोबर १९९५

चि. अभिराम यास आशीर्वाद. या खेपेस मोजकेच.

काल दसरा. मीनाने चारही चाकांखाली लिंबं ठेवली. चार्ज केलेली बॅटरी जोडली, पहिल्या चावीला इंजिन सुरू! आवाज असा, की अख्खी सोसायटी गॅलरीत. तुझ्या इंजिनिअरांना कळव.

गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, गचकलं, बंद. तीनदा. गाडी बोटभर हलेना.

हँडब्रेक. गेल्या वर्षी जुलैत मीच ओढलेला, वर दोन खटके जादा. खाऱ्या हवेने मागचे ब्रेक ड्रमला धरून बसले. ब्रेक सोडून चाकाला वीट लावायची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पंधरा महिने मी हँडल फिरवलं ते पुढून, उभ्याने. आत बसलोच नाही. तुझ्या रविवारच्या पाच मिनिटांत तेवढं एक बरं होतं: बसणाऱ्याला ब्रेक दिसला असता. म्हणून तुझं बरोबर होतं असं समजू नकोस.

सारसोळ्याचे आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, की दादांची गारी चालवाची नाय, आयकाची हाय.

कबूल केलं होतं, तेव्हा विक. पण लिंबं अजून चाकांखालीच आहेत, मीना उचलू देत नाही. रविवारी ड्रम उघडतो. आधी गाडीला ती चिरडू दे, मग गोटीरामला बोलाव. उभी गाडी मी कुणाला देणार नाही.

लोभ ठेवायचा की नाही, तूच ठरव.

तुझा,
दादा