राऊटरमधलं भोक आणि कुलूपवाला

साडूभाऊंना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा बरा असेल. नसला तरी बरा आहे असंच कळवा, माझ्या छातीला आता वाईट बातमी झेपत नाही. कुलूपवाल्यांच्या मेळाव्यात भाषणाला कुणाला बोलवायचं, हे अध्यक्ष म्हणे हल्ली वेबसाइट पाहून ठरवतात. (माणसाचे हात बघायचे सोडून!) उभा जन्म कुलपांत गेला, भाषण एकही झालं नाही. म्हणून जावईबापूंना शरण गेलो.

त्यांनी माझ्या कुलपांचे फोटो घरच्याच कॉम्प्युटरवर चढवले आणि म्हणाले, "बाबा, आता राऊटरमध्ये पोर्ट उघडतो. बाहेरून येणारा त्यातून थेट कॉम्प्युटरपाशी जाईल." म्हणजे जन्मभर लोकांची दारं बंद केली आणि म्हातारपणी स्वतःच्याच भिंतीला भोक! वर म्हणे सुरक्षित आहे, कारण पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं. भिंग लावून पाहिलं. त्याला किल्ली घालायला जागाच नाही! शिवाय त्याचं प्रमाणपत्र सारखं नवं करावं लागतं. (माझी कुलपं गिऱ्हाइकांच्या मागे उरली आहेत.)

असं भोक उघडं टाकून बाजारात कोण जाईल? मी निघताना राऊटर बंद करायचो, आल्यावर चालू. पण तो मेला दर वेळी घरातल्या यंत्रांना नव्याने नंबर वाटतो. परवा प्रिंटर आधी जागा झाला, त्याने कॉम्प्युटरचा नंबर बळकावला आणि वेबसाइटवर येणाऱ्यांना कुलपांऐवजी प्रिंटर चालवायच्या बटणांचं पान दिसू लागलं. जावईबापू फोनवर म्हणाले, "नंबर कायमचा बांधायचा राहिला, येऊन बांधतो." माझी शाळा चौथीत सुटली, पण असं 'राहिलं' म्हणणाऱ्या कारागिराला मी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. आता बाहेरून कुणीतरी बटणं दाबतंय आणि प्रिंटर आपोआप कागद ओकतोय. तुमच्या मेहुणीने त्याच्यावर चादर टाकली आहे. भाषण तर गेलंच समजा.

काळजीने अर्धा झालेला,
तुमचा साडू

ता. क. बटणं दाबणारे अध्यक्षच निघाले! लाल अक्षरांत धोक्याची सूचना आली तरी आत शिरले. (जातिवंत कुलूपवाला.) फोनवर म्हणाले, "बाकीच्यांच्या वेबसाइट नुसत्या बघायच्या. तुमची काम करते! भाषणाला याच." जावयांना यातलं काही सांगितलेलं नाही.

आणखी एक. मेळाव्यात अध्यक्ष सगळ्यांसमोर बटण दाबून दाखवणार आहेत. त्या दिवशी तुम्ही आमच्या घरी बसा. प्रिंटरमध्ये कागद भरत राहा, आणि जावईबापू दुरुस्तीला आले तर त्यांना आत घेऊ नका. कुलूप मी देतो.