कुत्रा आलाच नव्हता

भाऊबीजेनंतरचा सोमवार, २००३. वाडीवर.

अर्ध्या गोठ्यात पेंढा भरलेला, म्हणून दुपारी सगळी गुरं मी एकाच बाजूला बांधली. दोन गुरं दावं तोडून पळाली. मी म्हटलं, कुत्रा शिरला असणार. आई म्हणाली, "कुत्रा नाय रे आला. तूच खेटून बांधलीस. दोन गेली तशी बाकीची गप झाली. कुत्रा असता तर गप झाली असती काय?"

तेव्हापासून माझ्याबरोबर काम करणारी सविता डोळ्यांसमोरून हलत नाही. मुंबईला प्रयोगशाळेत आमच्या सापळ्यातले, म्हणजे निर्वात पेटीत चुंबकांनी अधांतरी धरलेले, अतिथंड अणू कमी होत होते. मी सरांसमोर सांगून मोकळा झालो की सविताने जोडलेल्या पेटीच्या सांध्यातून हवा शिरते आणि धडका देऊन अणू बाहेर फेकते. काय म्हणून तिचं नाव घेतलं? तिने तीन आठवडे सगळं उघडून पुन्हा जोडलं. पण अणू आधी भराभर गेले, विरळ झाल्यावर सावकाश. हवेने फेकले असते तर विरळ झाल्यावरही त्याच प्रमाणात जात राहिले असते. म्हणजे दाटीत ते आपसातच धडकत होते. आणि सापळा आवळून दाटी मी केली होती.

उद्या पोलादपूरला उतरून तिला फोन करायचा. गळती नव्हती, एवढं सांगणं सोपं आहे. पण आधी भराभर, मग सावकाश, हा आलेख सरांशी बोलण्याआधी मीच काढला होता. आणि मला तेव्हाच कळलं होतं.