आमच्या माठातलं पाणी

रविवार संध्याकाळ, एप्रिल

वाचनालयात आज मुलं आणि आईवडील, सगळ्यांसाठी सूक्ष्मदर्शक मांडला होता. येताना घरचं पाणी आणा, असं मीच कळवलं होतं. कळसाडीच्या मंगलाबाईंनी हातपंपाचं आणलं. त्यांची लेक तेच प्यायला लागली, तर मी बाटली काढून घेतली आणि आमच्या वाचनालयाच्या माठातलं पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं. मग त्यांचा थेंब भिंगाखाली ठेवला. स्वच्छ! बाई हसल्या. "ताई, आते तुमना माठनं पानी दखाडा ना."

दाखवलं. वळवळत होतं काहीतरी. एक नाही, कितीतरी! माठ रोज मीच भरते. पण घासला कधी होता? मंगलाबाईंनी लेकीच्या हातातला पेला घाईघाईने ओढला.

रिकामा होता.