शिडीवाल्याने महासंघाची कशी जिरवली

४ फेब्रुवारी
आजपासून युद्ध.
हार्डवेअरवाल्याने माझ्या सगळ्या शिड्या परत पाठवल्या. टेम्पो दारात उभा आणि ड्रायव्हर निवांत दात कोरतोय. फोन केला तर हार्डवेअरवाला म्हणाला, महासंघाचा नवा नियम आलाय, उंच शिडीला पायाशी आडवी पट्टी पाहिजे म्हणजे ती कलंडत नाही. पट्टी नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर माल घेता येत नाही. त्याचा काही दोष नाही म्हणे, वरून आलंय.
वडिलांनी हा कारखाना काढला तेव्हा महासंघ नव्हता. शिड्या होत्या. लोक चढत होते, उतरतही होते. आता पंचवीस-तीस देशांनी कुठल्याशा काचेच्या इमारतीत बसून ठरवायचं, माझ्या शिडीचे पाय कसे असावेत! त्यांच्यातल्या एकाने तरी जन्मात कधी माळ्यावरचा डबा काढलाय का?
सूड घेणार. सोडणार नाही.

५ फेब्रुवारी
ही म्हणाली, लावून टाका ना पट्टी, लाकडाचा एक तुकडा तर आहे. हिला तत्त्व कळत नाही. प्रश्न तुकड्याचा नाही, मान तुकवण्याचा आहे. आज पट्टी मोजतायत, उद्या माझ्या मिशा मोजतील.
संध्याकाळी हिचा थोरला भाऊ आला. पलीकडच्या गल्लीत त्याचा ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा कारखाना. म्हणाला, भाऊजी, माझ्याकडे पट्ट्या पडून आहेत, माझी माणसं एका दिवसात ठोकून देतील. चेहऱ्यावर इतकी दया की दूध नासावं. यानेच पहिल्या आठवड्यात पट्टी लावून शिक्का पदरात पाडून घेतला. फितूर! आधी महासंघाची जिरवणार, मग याची.

९ फेब्रुवारी
सूड घ्यायचा तर समोर माणूस पाहिजे. दिवसभर माणूस शोधला.
उद्योग खात्यातला साहेब म्हणाला, आमच्या हातात काही नाही, वरून आलंय. म्हणून वर गेलो, म्हणजे महासंघाच्या इथल्या कचेरीत, चौथ्या मजल्यावर. तिथली बाई गोड हसून म्हणाली, महासंघ स्वतःहून काहीच करत नाही. सदस्य देश ठरवतात, त्यांची सरकारं नागरिक निवडून देतात, म्हणजे सगळं तुम्हीच ठरवता. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
गालिचा मऊ होता. थंड पाणीही दिलं. असल्या गोष्टींनी मी विरघळणारा नाही. (पाणी दोनदा मागितलं.)

१२ फेब्रुवारी
शस्त्र सापडलं!
कन्येने मोबाइलवर दाखवलं. महासंघाचा रिवाज असा की कुठलाही नियम पक्का करण्याआधी नागरिकांच्या हरकती मागवतात. आलेली प्रत्येक हरकत सगळ्या सदस्य देशांच्या भाषांत भाषांतर करून समितीपुढे वाचावीच लागते. शिड्यांच्या नियमांचा दुसरा भाग अजून कच्चाच आहे. मूर्ख लेकाचे! माझ्या हातात स्वतःहून माईक देतायत.
तक्रार करणार नाही. तक्रार भिकारी करतात. टोमणा मारणार. टोमणा हे आमच्या घराण्याचं पिढीजात हत्यार. माझ्या आत्याच्या एका टोमण्याने तिचे व्याही भरल्या ताटावरून उठले होते, ते पुन्हा आलेच नाहीत.

१४ फेब्रुवारी
हरकत लिहून झाली. चार खर्डे फाडले. पुढच्या पिढ्यांसाठी इथे उतरवून ठेवतो:
"मायबाप महासंघ, आमच्या जिवाची आपल्याला केवढी काळजी! मग नुसत्या पट्टीवर का थांबता? वरच्या दोन पायऱ्या पिवळ्या रंगवा आणि लिहा, येथे उभे राहू नये. आणि लाकडाला गाठी असतात हे आपल्या थोर ध्यानात कसं आलं नाही? गाठ म्हणजे साक्षात मृत्यू! एक जरी गाठ दिसली तरी ती शिडी जप्त करा, कारखान्याला कुलूप लावा. तेव्हाच आपल्याला सुखाची झोप लागेल."
कन्या वाचून म्हणाली, बाबा, तुम्ही चिडवताय हे त्यांना कळेल का? म्हटलं, गाढवालाही कळेल. धाडून दिली. आता ती समिती कशी काळीनिळी होते बघाच. तीही सगळ्या भाषांत.

२ मार्च
पोच आली. आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत म्हणे. घाबरलेत.
माझा धाकटा सुतार आज मेहुण्याकडे कामाला गेला. त्याचीही जिरवणार.

२० मार्च
ऑर्डर नाही. थोरला सुतार दिवसभर पेन्सिल तासतो. ही पट्टीचं नावही काढत नाही, भांडी आपटते.
दुपारी कारखान्यात एकटाच बसलो होतो. भुशाच्या वासाने वडील आठवले. नवी पायरी बसवली की ते स्वतः तिच्यावर उभे राहायचे आणि मला विचारायचे, बघ, हलली का? जीव गलबलला. मग राग आला. राग बरा, त्याने माणूस ताठ बसतो.

१८ एप्रिल
विजय! विजय! विजय!
महासंघाने शेपूट घातलं. जुन्या लहान कारखान्यांना पट्टीची सक्ती नाही, तूर्त जशा आहेत तशा शिड्या विका म्हणे. माझ्या एका टोमण्याने एवढा मोठा महासंघ लोळवला. दुसऱ्या भागाचंही काहीतरी मंजूर झालंय. कन्या ते वाचायला लागली, मी थांबवलं. जिंकलेल्या माणसाने बारीक अक्षरं वाचायची नसतात.
मेहुण्याच्या दारावरून शीळ घालत गेलो. तो दिसला नाही म्हणून परत गेलो. अभिनंदन, भाऊजी, म्हणाला. जळतोय.
हार्डवेअरवाल्याला फोन करून सांगितलं, टेम्पो पाठव. आवाज मुद्दाम थंड ठेवला.

६ मे
टेम्पोच्या आधी महासंघाच्या तपासनीस बाई आल्या. बुटक्या, गळ्यात भिंग. मी छाती पुढे काढून सवलतीचं ऐकवलं. म्हणाल्या, हो, पट्टीची सवलत आहेच, मी गाठी बघायला आले.
मी स्वस्तातलं लाकूड वापरतो. गाठ नाही अशी एकही शिडी निघाली नाही. सगळ्यांवर लाल चिकटपट्टी. वरच्या पायऱ्या पिवळ्या नाहीत, त्याचा वेगळा शेरा. शेवटी दाराला कुलूप. वडिलांनी बसवलेल्या दाराला, त्यांच्याच कडीत.
मी विचारलं, हा गाठींचा गाढवपणा निघाला कुठल्या टाळक्यातून? बाई म्हणाल्या, समितीला हे कधीच सुचलं नव्हतं. एका जागरूक नागरिकाची हरकत आली. भाषांतरात ती इतकी कळकळीची वाटली की एका देशाच्या प्रतिनिधीने चष्मा काढून डोळे पुसले. एकमताने मंजूर झाली.
मी तिथेच, रस्त्यावर, सगळ्यांदेखत शपथ घेतली की त्या हरामखोराला हुडकून काढीन आणि पार धुळीला मिळवीन. कन्या खाली बघत राहिली. ही मात्र माझ्याकडे बघत होती.
संशय मेहुण्यावर.

७ मे
मेहुणा नव्हे. कन्येने सांगितलं.
मी मानायला तयार नव्हतो. मग तिने नियम मोठ्याने वाचून दाखवला. कारखान्याला कुलूप लावा, हे जसंच्या तसं आहे. फक्त 'मायबाप' गाळलंय.
भाषा चांगली आहे, हे मान्य करावंच लागेल.
जेवलो नाही. नुसता गप्प बसलो असतो तर सवलत आपोआप मिळाली असती. ती इतर कुणाच्या तरी साध्या विनंतीवरून दिली होती म्हणे. हिने हे बोलून दाखवलं नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१० मे
अजून हरलो नाही. पुन्हा चौथ्या मजल्यावर. त्याच बाईला खडसावलं की माझी हरकत उपहासाने लिहिली होती, ती रद्द करा. बाईने सगळं शोधून पाहिलं. म्हणाली, हरकत उपहासाची आहे असं कळवायची सोय सध्याच्या पद्धतीत नाही. ती हवी असेल तर तशी हरकत नोंदवा.
या वेळी पाणी मागितलं नाही. तरी तिने दिलं.

१ जून
आजपासून मेहुण्याच्या कारखान्यात. तात्पुरता. शत्रूच्या गोटात शिरून माहिती काढायची, असा बेत आहे.
काम: वरच्या दोन पायऱ्या पिवळ्या रंगवणे. मेहुण्याने स्वतः ब्रश आणून दिला आणि म्हणाला, भाऊजी, हा नियम तुमचाच, तुमच्याइतकं नीट कोण रंगवणार? टोमणा होता का ते कळलं नाही. चेहरा सरळ होता. पूर्वी मला लगेच कळायचं.
सुट्टी झाल्यावर सगळे गेले. कुणी नाही असं बघून एका शिडीवर चढलो. पिवळ्यावर नाही, त्याच्या खालच्या पायरीवर. दोन्ही पायांवर जोर देऊन उभा राहिलो.
हलली नाही.