रविवारची अदलाबदल

४ नोव्हेंबर, मंगळवार
निखिल जेवताना म्हणाला, रविवारी बबलूशी मुकाबला ठरलाय. तोही अदलाबदल करून. निखिलच्या प्रेम नगरच्या जिममध्ये वजन उचलायचं ते हात थकून जवाब देईपर्यंत, मग दोन दिवस आराम. बबलूच्या सीपरी बाज़ारच्या जिममध्ये घड्याळ: वीस मिनिटं, घंटी होईपर्यंत थांबायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रविवारी निखिल घड्याळावर, बबलू वजनावर. जो आधी थांबेल तो हरला.
"तुमचं भांडण आहे तरी काय?"
"आई, वो लोगों को बर्बाद कर रहा है."
बबलूही हेच म्हणत असणार. लहानपणी हा मुलगा रोज माझ्याकडे वरणभात खाऊन जायचा. 'आई' हे माझं नावच आहे, असं समजायचा. अजून तेच म्हणतो.

५, बुधवार
नि. सकाळपासून छतावर, बबलूच्या पद्धतीचा सराव. उठाबशा मोजत होते, दोनशेनंतर सोडून दिलं. पाणी नेलं. "घंटी नहीं बजी." आमच्या कॉन्व्हेंट शाळेत पी.टी.ला कुणी पांढरं पडलं की सिस्टर स्वतः छत्री धरून सावलीत नेत. रागावत, पण नेत.

६, गुरुवार
जिना बसत बसत उतरला. मांड्या दगडासारख्या. तीळतेल गरम करून नेलं, हात लावू देईना. "यही तो असर है."
दुपारी नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे संडासात दिसलं. नि.ची लघवी कोऱ्या चहासारखी.
शुभाला फोन केला. शाळेत एका बाकावर बसायचो, आता ती ग्वाल्हेरला डॉक्टर. एरवी आधी हसते. आज नाही. "स्नायू फुटून रक्तात उतरतायत. किडनी बंद पडेल. आजच्या आज दवाखान्यात ने."
निखिलला सांगितलं.
"सोमवार को, पक्का. आज गया तो सब कहेंगे बहाना बनाया."

७, शुक्रवार
ऑटोने सीपरीला गेले. बबलू पाया पडायला वाकला आणि अर्ध्यावर थांबला. वजनाच्या सरावाने कोपर सरळ होत नव्हतं. म्हटलं, "तू रद्द कर रे."
"आई, वो मना कर दे, मैं एक शब्द नहीं बोलूँगा."
"तू नाही बोलणार. तुझे चेले?"
हसला. मी कोपराकडे बघत राहिले आणि सरळ लघवीचा रंग विचारला. त्याने उठून दार लावलं.
"बुधवार से. उसको मत बताना. मेरी कसम."
मी मान डोलावली. का डोलावली? शुभाचा नंबर दिला. खिशात ठेवला, बघितला नाही.

८, शनिवार
नि.चा चेहरा सुजलाय. तो खूश: "देखो, भर गया." सकाळपासून एकदाच लघवी. शुभाला कळवलं. म्हणाली, "बांधून ने." बत्तीस वर्षांच्या मुलाला कशी बांधू? दुपारी गाडीची किल्ली लपवली. तो बबलूच्या एका चेल्याच्या मोटारसायकलवर बसून सरावाला गेला.

९, रविवार
इलाइट चौराह्याजवळचा हॉल. वही पिशवीतच होती. इथेच बसून लिहिते.
आल्याबरोबर दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. कसम मोडली. "बबलूचंही तुझ्यासारखंच आहे, निखिल. रंग तोच."
दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वाटलं, सुटलो.
"कब से?" निखिल.
"बुधवार. तेरा?"
"गुरुवार." आणि निखिल हसला. "मतलब मेरा तरीका तेज़ है. तुझे एक दिन पहले तोड़ दिया."
"तू पहले बीस मिनट कर के दिखा, बेटा."
दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. इतक्या वर्षांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुणीतरी खुर्ची दिली, "माताजी, बैठिए."
ॲम्ब्युलन्स बोलावलीय. चौराह्यावर जाम आहे म्हणतात.
सुरू झालं. बबलूचे हात थरथरतायत, वजन वर जातंय. निखिल वाकतो, उठतो, वाकतो. सहावं मिनिट.
निखिल थांबला.
नाही. घाम पुसला फक्त.