पार्वतीच्या लुगड्याला ऊन

पुणे, ६ डिसेंबर २०२४

ती. गौराआत्यास,
शि. सा. न. वि. वि. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इथल्या ग्रंथालयात नाटकांच्या वेशभूषेची दोन कपाटं धुंडाळली. शहरातल्या कंपन्यांचे शालू, शेले, टोप सगळे सापडले. पण वालूरच्या जत्रेत पुरुष पार्वती व्हायचा तेव्हा काय नेसायचा, यावर एक ओळ नाही. माझा प्रबंध तिथेच अडलाय. सर म्हणतात, पुरावा आण. आजोबा पार्वती व्हायचे तेव्हाचं हिरवं लुगडं, काष्टा आधीच शिवून ठेवलेलं, पेटीत असेल ना? पाठव. ग्रंथालयाला देईन, तिथे जपलं जाईल. धुऊ मात्र नकोस. तुझ्या हुरड्याची वर्णनं थांबव, इथे मेसचं जेवण आहे.
माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ऋतुजा

वालूर, १४ डिसेंबर

चि. ऋतुजास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. आप्पांचं, तुझ्या आजोबांचं, जेवण सुटलंय. लुगडं आहे, पण ते त्यांनी स्वतःसाठी राखलंय. आपल्या लिंगायतांत माती देताना मयताला बसवतात, तेव्हा हेच माझ्या अंगावर घाला, म्हणजे महादेव ओळखील, असं म्हणायचे. तुझं पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाले, पोरगी शिकायलीय, पार्वती पुस्तकात जात असेल तर देऊन टाक. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. धुण्याचं म्हणशील तर त्यांनी ते कधीच धुऊ दिलं नाही. शिवरात्रीच्या आधी नुसतं उन्हात टाकायचे. माझा शिवकुमार देवगाव फाट्यावर एसटीत पार्सल देईल.
जिवाला जप, आठवण ठेव.
गौराआत्या

पुणे, २० जानेवारी २०२५

ती. गौराआत्यास,
शि. सा. न. वि. वि. मी पोचले तेव्हा आजोबांना माती दिली होती. घर माणसांनी भरलेलं, तुझ्याशी बोलता आलं नाही. अंगावर कोरं पांढरं धोतर घातलं, एवढंच शिवकुमारदादानं सांगितलं.
काल लुगडं घेऊन ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, आम्ही पुस्तकं आणि फोटो ठेवतो, कापड नाही, कसर लागते. सरही म्हणाले, फोटो पुरला असता. दादाच्या मोबाइलवर निघाला असता, आत्या. मी विचारलंच नव्हतं. लुगडं माझ्या खाटेवर आहे. पदराला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे.
रागाव, पण लिही.
ऋतुजा

वालूर, ३० जानेवारी

चि. ऋतुजास,
आत्याचे आशीर्वाद. तुला बोल लावत नाही. पत्र मीच वाचून दाखवलं. गुपचूप तुला नकार कळवला असता, तर त्यांना काही कळलं नसतं. ते मला रोज आठवतं.
या शिवरात्रीला जत्रा आहे, पार्वती नाही. पोरांना लुगडं नेसायची लाज वाटायलीय. तू काढायचे तेवढे फोटो काढ आणि लुगडं घेऊन ये. माती आता उकरता येत नाही. आप्पांच्या समाधीवर दिवसभर उन्हात टाकू, ते टाकायचे तसं. संध्याकाळी घडी घालून पेटीत ठेवू. कुणासाठी, ते मला विचारू नकोस.
वाट पाहते.
गौराआत्या