गयाबाईचा अंगठा

५ जानेवारी, अमरावती

आज टॅब हातात आला. सव्वीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढले, चुकलं की ब्लेडने खरवडायचं, आणि आता बावन्नाव्या वर्षी पुन्हा पाटी-पेन्सिल. एजन्सीने कंत्राटावर सातजण घेतलेत, त्यात मी सगळ्यात म्हातारा. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. छान शिकवतात, फक्त मला प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात.

पेनाची गंमत अशी की टेकवायच्या आधीच स्क्रीनवर बारीक ठिपका येतो. बोटभर वर धरलं तरी. म्हणजे मी कुठे टेकवणार हे त्याला आधी कळतं. मॅडमना विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, काका, तुम्ही फक्त वापरा. वापरणारच आहे, पण कसं काय?

लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन. पेनाने रेघ निघते. बोटाने नकाशा सरकतो. रेघ निवडलेली असेल तर बोटाने रेघच सरकते; टोक धरलं तर तेवढं टोक. म्हणून हद्द काढून झाली की कोपऱ्यातलं कुलूप दाबायचं. कुलूप विसरायचं नाही. (दोनदा सांगितलं.)

७ जाने.

घरी सराव. तळहात टेकवल्याशिवाय मला रेघ येत नाही, जन्माची सवय. पण टॅबला त्याचं काही नाही. पेन जवळ असलं की हाताकडे कानाडोळा करतो. पेन दूर नेलं की तोच हात नकाशा ओढतो. तासभर हेच करत बसलो. मंदा म्हणाली, नवीन खेळणं आणलं का.

तिलाही लावून पाहायला सांगितलं. भाकरी थापत होती. पिठाचं कोरडं बोट लावलं, काही नाही. पाण्यात बुडवून लावलं, तर नकाशा परतवाडा ओलांडून थेट सेमाडोहच्या जंगलात. "कोरडं बोट याले आवडत नाही वाटते," म्हणे. वहीत नोंद केली.

काम तसं सोपं. संत्र्याच्या बागांच्या हद्दी. दोन्ही शेजाऱ्यांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करायचं, दोघांना मान्य असेल ती रेघ टॅबवर काढायची, दोघांची सही घ्यायची, पाठवायची. नकाशा दोघांच्या मोबाइलवर जातो. पंधरा दिवसांत हरकत आली नाही की रेघ पक्की.

९ जाने.

परतवाड्याच्या अलीकडचं क. गाव. गयाबाई, सत्तरीच्या आसपास, नवरा गेलेला, वरची बाग स्वतः पाहते. खालची बाग तिच्या दिराची, वासुदेवभाऊंची. वाटणी झाली तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. धुऱ्यावर दोन पावलांवर उभे, आणि दोघंही माझ्याशी बोलत होते. त्यांना सांगा दगड इथंच आहे. तिला सांगा मी कुठं नाही म्हणतो. वाद काहीच नाही, फक्त बोलणं नाही. असं भांडण मी पहिल्यांदा पाहिलं.

धुऱ्यालगत गयाबाईच्या नऊ झाडांची ओळ. सगळ्यात खालच्या झाडाला एक जेवणाचा डबा टांगलेला होता. विचारलं तर वासुदेवभाऊंचा. त्यांच्या बाजूला सावली नाही म्हणून रोज तिथेच टांगतात. गयाबाई डब्याकडे पाहते पण पाहत नाही.

पावलं मोजली. तिच्या विहिरीच्या कठड्यापासून धुऱ्यापर्यंत ४१. टॅबवर रेघ काढली. वासुदेवभाऊंनी पेनाने झोकात सही केली आणि गेले.

गयाबाईचा प्रश्न. सही येत नाही, अंगठा देते. सहीच्या चौकटीत अंगठा दाबला, काही उमटलं नाही. पुन्हा दाबला. बोटं बघण्यासारखी, चिरा पडलेली, वाळक्या मातीसारखी कोरडी. टॅबला ते माणसाचं बोट वाटतच नव्हतं. शेवटी पेनाने फुली मारायला सांगितली. मारली, पण मन भरलं नाही. म्हणे फुली त कोनीही मारते.

मग बाजेवर बसवलं, टोपलीतलं संत्रं काढून सोललं, अर्धं अर्धं माझ्या दोन्ही हातांत दिलं. टॅब शेजारी उघडाच होता. "माहं वावर कोनतं यातलं?" मी हनुवटीने दाखवलं. तिने त्यावर अंगठा टेकवला, बँकेत शिकवतात तसा डावीकडून उजवीकडे फिरवला, आणि म्हणाली, "झाला ना माहा अंगठा?"

तोंडात फोडी होत्या. म्हटलं, झाला.

परतवाड्याच्या स्टँडवर रेंज आली, तिथून नकाशा गेला. गयाबाईकडे साधा बटणांचा फोन, तिला तो दिसायचा नाही. संत्री गोड होती.

११ जाने.

बोटांची यादी करतोय, उगाच. शिक्षकाचं बोट लागतं. कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या म्हाताऱ्याचं लागत नाही. फुलं विकणाऱ्या बाईचं लगेच, दिवसभर ओल्या फडक्यात हात. कुंभाराचं? अजून भेटला नाही. मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, काका, दिवसाला सहा बागा व्हायला हव्यात.

१४ जाने.

संक्रांत. घरात बायकांची वर्दळ, मी आतल्या खोलीत. जुनी खोड म्हणून टॅबवरचे नकाशे वहीत उतरवून घेतो. गयाबाईचा घेतला. वहीत विहीर ते धुरा ४१ पावलं. टॅबवर मोजलं तर ३३.

तीनदा मोजलं. ३३. रेघ विहिरीकडे आठ पावलं सरकली आहे. अख्खी, सरळच्या सरळ. नऊच्या नऊ झाडं वासुदेवभाऊंकडे.

माझा हात इतका चुकत नाही. मग कोण?

१५ जाने.

शोध लागला. लागला नसता तर बरं झालं असतं असंही वाटतं.

आधी वाटलं उपग्रहाचा फोटो सरकला असेल. पण मग इतर बागांच्या रेघाही सरकलेल्या दिसल्या असत्या. मग आठवलं, तिचा अंगठा. पण तिचा अंगठा तर लागतच नव्हता. मंदाला म्हटलं, एक संत्रं सोल. सोललं. तिचा रसाचा अंगठा कुलूप नसलेल्या रेघेवर टेकवून डावीकडून उजवीकडे फिरवायला सांगितला. रेघ निमूट सरकली. पुसून कोरडा करून राख लावून फिरवला, जागची हलली नाही.

मग अख्खं संत्रंच हातात धरून टेकवलं. त्यानेही सरकते. हे कुठे लिहिलेलं नाही. क्षणभर इतका आनंद झाला की कशासाठी हे करतोय ते विसरलो.

मंदा म्हणाली, "म्हणजे त्या बाईचे झाडं तुमच्या फोडी खाण्यात गेले." कुलूप राहिलं ते माझ्यामुळे. दोन्ही हात भरलेले होते.

१७ जाने.

मॅडमना फोन. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुरुस्ती होते, चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत, दोघांच्या नव्या सह्या लागतील. फक्त कारण निवडावं लागतं. तीनच कारणं आहेत: मालकाने चुकीची हद्द दाखवली, शेजाऱ्याची हरकत, इतर. पहिलं टाका, लगेच मंजूर होतं. 'इतर' टाकलं तर पेनाने कारण लिहावं लागतं आणि ते चौकशीला वरती जातं. आणि काका, मार्चमध्ये कंत्राटं पुन्हा व्हायची आहेत.

माझ्या काळजीनेच बोलत होत्या, हे कळतं. पण बाईने हद्द बरोबर दाखवली होती. तिने अंगठासुद्धा बरोबरच दिला, जिथे तिचं वावर तिथे. चूक माझी. तिच्या नावावर कशी टाकू? दुसरीकडे पाहिलं तर मार्चनंतर मला दुसरं काम कोण देणार?

१९ जाने.

क. गावात गेलो, आधी वासुदेवभाऊंना सांगावं म्हणून. ते धुऱ्यावरच होते. धुरा ओलांडून काळा पाइप नेलेला, नऊ झाडांच्या आळ्यांत पाणी.

मी काही म्हणायच्या आत तेच बोलायला लागले. मोबाइलवर नकाशा आला. पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला, मुलाकडून खात्री करून घेतली. मग तीन दिवस कोणाला काही बोलले नाहीत. "आठ वर्सं झाले भाऊ, वयनीनं माह्याकडे तोंड करून शब्द काहाडला नाही. अन् आता पाह्य, मांगतल्याबिगर नऊ झाडं देल्ले. मले काय बोलाव समजेना. म्हनून पानी सोडलं."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं ते माझ्या जिभेवर होतं आणि तिथेच राहिलं. मी पाइपच्या जोडाबद्दल काहीतरी विचारलं आणि निघालो. भित्रा माणूस.

वाटेत गयाबाई भेटली. रागात होती. आंबिया बहाराची फुलं धरावीत म्हणून महिनाभर झाडं तहानलेली ठेवली होती, येत्या सोमवारी पाणी सोडणार होती, दिराने आधीच सोडलं. ताण मोडला. पण राग निम्माच. दोन पावलं पुढे जाऊन मागे वळली. "काहून सोडलं असन हो त्यानं?"

म्हटलं, माहीत नाही. आज दिवसभरात दुसऱ्यांदा खरं गिळलं.

२१ जाने.

अकोटला दोन बागा केल्या, दोन्ही ठिकाणी कुलूप आधी, पाणी-चहा नंतर. काम होत होतं पण डोकं क. गावात.

सांगितलं तर त्या माणसाला मिळालेलं काढून घेतल्यासारखं. नाही सांगितलं तर बाईची ओळ जाते, आणि ती कशी गेली हे तिला कधीच कळणार नाही. मंदाला विचारलं काय करू. म्हणाली, झाडं तिचे आहेत, तिले सांगा, पुढचं तिचं ती पाहील. सोपं होतं. मला आठ दिवस सुचलं नाही.

२२ जाने.

गयाबाईला सगळं सांगितलं. बाजेवर बसून, टॅब मध्ये ठेवून. रस, अंगठा, रेघ, कुलूप, वासुदेवभाऊंना काय वाटलं ते, त्यांनी पाणी का सोडलं ते. शेवटचं ऐकताना ती पदराच्या टोकाशी खेळत होती.

शिव्या येतील म्हणून बसलो होतो. तिने टॅब जवळ ओढला. पुन्हा करून दाखवा म्हणाली. दाखवलं, मोकळ्या कोऱ्या पानावर. संत्रं तिनेच सोललं. रेघ इकडून तिकडे, तिकडून इकडे. मुलीसारखी हसली. मग हसणं थांबलं.

"जल्मभर अंगठे देल्ले भाऊ. सोसायटीत, बँकेत, वाटनीच्या कागदावर. कुठं काय हाललं मले कधी दिसलं नाही. ह्या एका अंगठ्यानं वावर हाललं, अन् थे बी उलटं."

विचारलं, उद्या दुरुस्ती करू का. करा म्हणाली, पण रेघ मीच आनीन जागेवर. पेन नको.

मॅडमना फोन केला नाही. नियमात आहे की नाही कोणास ठाऊक. मी 'इतर' निवडलं आणि रकान्यात पेनाने लिहिलं: सर्वेक्षकाची चूक. अक्षर चांगलं आलं.

२३ जाने.

सकाळी धुऱ्यावर तिघं. वासुदेवभाऊ पाइप धरून उभे. मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात गयाबाई स्वतःच बोलली, सरळ त्यांच्याकडे तोंड करून. "भाऊजी, थे झाडं मी देल्ले नव्हते. माहा अंगठा घसरला."

वासुदेवभाऊंनी पाइपकडे पाहिलं, मग खाली बसून जोड सोडायला लागले. मान वर केली नाही. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

गयाबाईने संत्रं सोललं. टॅब मी दोन्ही हातांनी धरला, कुलूप काढलेलं. तिने अंगठा टेकवला आणि यावेळी उजवीकडून डावीकडे फिरवला, आधी वरचं टोक धरून, मग खालचं. हळू. वरचं टोक बरोबर दगडावर आलं. खालचं टोक जरासं अलीकडेच राहिलं. रेघ तिरपी झाली, आणि डबा टांगायचं ते शेवटचं झाड तेवढं वासुदेवभाऊंच्या बाजूला.

म्हटलं, बाई, खालचं टोक राहिलं. अजून जरासं.

तिने अंगठा पदराला पुसला. नीट, एकेक चीर पुसावी तसा. "राहू द्या. सुकला आता माहा अंगठा."

टोपलीत दहा-बारा संत्री होती. ती तिला दिसत होती, मला दिसत होती, वासुदेवभाऊंनाही. त्यांनी पाइप खाली ठेवला. मग दोघांच्या सह्या झाल्या. तिने फुली मारली, यावेळी कुरकुर न करता. वासुदेवभाऊंची सही पहिल्यासारखी झोकात आली नाही. डबा झाडालाच होता.

आता घरी. कुलूप लावलंय. 'पाठवा' दाबलेलं नाही.

वहीत ४१ पावलं, दोन्ही टोकांना, आणि ती बरोबर आहेत. सव्वीस वर्षांत मोजमापापेक्षा वेगळी रेघ मी काढली नाही. ही मी काढलेली नाहीच. आणि रकान्यात लिहिलेलं 'सर्वेक्षकाची चूक' आठ झाडांना लागू आहे. नवव्याला नाही. तिथे काय लिहायचं? अंगठा सुकला म्हणून? वरती कोणी वाचेल तर मला वेड्यात काढेल.

मंदाने विचारलं, खरंच सुकला होता का. मला माहीत नाही. हात लावून पाहायला हवा होता.

पेन बटणावर धरून बसलोय. टेकवलेलं नाही, पण ठिपका आलाय. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.